बयान जपून ठेवा : तिबेटी कॅम्पने शिकवलेल्या आठ गोष्टी

अर्जुनी मोरगावहून गोठणगावकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात, मधूनमधून मोहाची झाडं. प्रतापगडचा डोंगर जवळ आला की एकाएकी रंगीत कापडी पताकांची माळ वाऱ्यावर हलताना दिसते. तो आमचा तिबेटी कॅम्प. कागदोपत्री नाव नोर्ग्येलिंग. वसाहत झाली १९७२ मध्ये. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणून जगभरचे तिबेटी लोक या वसाहतीला अजून 'भंडारा' म्हणूनच ओळखतात.

मी याच तालुक्यातला. वनहक्क कायद्याचे नियम २००८ मध्ये लागू झाले आणि गावोगावच्या ग्रामसभांचे जंगलावरच्या हक्कांचे दावे भरून द्यायच्या कामात मी पडलो. त्या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. नकाशे, पावत्या, जुन्या नोंदी यांच्या यादीत तिथे एक साधी ओळ आहे : दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसाचं लेखी घेतलेलं बयानही पुरावा म्हणून चालेल. त्या ओळीने मला कामाला लावलं. म्हाताऱ्या माणसांच्या छपरीत बसून ते सांगतील तसं लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा.

कॅम्पमधला माझा एक मित्र हे काम बघत होता. आम्ही अर्जुनीला एकत्र शिकलो. एक दिवस तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही गोंड आजोबांचं लिहून घेता. आमच्या म्हाताऱ्यांचंही असंच लिहून घ्याल का? ते गेले की आमच्याजवळ काहीच राहणार नाही." तिथून सुरुवात झाली. पुढे त्याच तालुक्यातल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतींतही गेलो. या वर्षांत जे शिकलो ते आकडे घालून लिहितो आहे. कुणाला तरी उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे.

१. आधी ऐका, मोठी नावं मागाहून

हुकूमशाही, युद्ध किंवा कत्तल यांतून बाहेर पडताना एखादा समाज झालेल्या अन्यायाचा हिशेब कसा करतो, याला अभ्यासक 'संक्रमणकालीन न्याय' म्हणतात. त्याची चार अंगं सांगतात : खरं काय झालं ते बाहेर आणणं, दोषींवर खटला, पीडितांना भरपाई आणि पुन्हा तसं होऊ नये याची तजवीज. दक्षिण आफ्रिकेतला डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालचा सत्य आणि सलोखा आयोग आपल्याला ऐकून माहीत असतो.

हे सगळं मी सुरुवातीला कॅम्पमध्ये समजावून सांगू लागलो. लोक मान डोलवत होते, बोलत मात्र कुणीच नव्हतं. शेवटी एक आजोबा हिंदीत म्हणाले, "हमारी सुनवाई कौन करेगा?" वही मिटली आणि त्यांच्याजवळ बसलो. त्या दिवशी ते दोन तास बोलले. त्यांना सिद्धांत नको होता, सुनावणी हवी होती. आपल्यावर गुदरलेलं कुणीतरी नीट बसून, मधे न तोडता ऐकतंय, ही त्यांच्यासाठी न्यायाची पहिली पायरी होती. ती पायरी कोर्टाविना, सरकारविना, आपल्या ओट्यावरही बांधता येते.

२. साल माणसाच्या जगण्यात शोधा

वनहक्काच्या कामात शिकलो होतो की आमच्याकडची म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. "इटियाडोह धरणाचं पाणी पहिल्यांदा बांधीत आलं त्या वर्षी", "थोरलीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात" असं सांगतात. त्यावरून साल काढायचं असतं.

तिबेटी आजींचंही तसंच. एका आमा-लांचं बयान मला पूर्ण आठवतं. आमा म्हणजे आई, आणि 'ला' म्हणजे आपला 'जी'. त्यांनी लाकडी वाटीत मिठाचा लोणीचहा ओतून दिला. उजव्या हातात जपमाळ, अंगठ्याने एकेक मणी पुढे सरकत होता. त्या म्हणाल्या, "ते डुकराचं वर्ष होतं." तिबेटी पंचांगात वर्षांना पंचतत्त्वांची आणि प्राण्यांची नावं असतात. पृथ्वी-डुकराचं वर्ष म्हणजे १९५९. त्याच वर्षी १० मार्चला ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा राजवाड्यातून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. आमा-ला तेव्हा लहान मुलगी होत्या. रात्री चालायचं, दिवसा दडून राहायचं. मोठ्या भावाचं नाव आलं आणि मण्यांवरचा अंगठा थांबला. तो खिंडीच्या अलीकडे मागे राहिला होता. पुन्हा दिसला नाही. बऱ्याच वेळाने मणी पुढे सरकला, तेव्हाच मी पुढचं विचारलं.

त्या थांबलेल्या वेळात प्रश्न घातला असता तर बयान तिथेच संपलं असतं. गप्प राहणं हेही या कामातलं कसब आहे.

३. बयान सांगणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं नव्हे

ही गोष्ट मी चूक करून शिकलो. एका कार्यक्रमात मी कॅम्पमधल्या एका माणसाची हकिकत त्याच्या गावाच्या नावासकट सांगितली. टाळ्या मिळाल्या. रात्री त्याचा मुलगा घरी आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, आमची आत्या अजून तिकडंच आहे." मला घाम फुटला. एका नावामुळे सीमेपलीकडच्या कुणाच्या दारावर थाप पडू शकते, हे मी ध्यानात घेतलं नव्हतं. मी त्या घराची माफी मागितली. त्यांनी दिली, पण ती चूक मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून नियम पक्के केले. नाव लिहायचं की नाही, गाव लिहायचं की नाही, कुणाला दाखवायचं, कधीनंतर दाखवायचं, हे सांगणारा ठरवतो. एक प्रत त्याच्या घरी राहते. त्याला वाटलं तर तो बयान मागेही घेऊ शकतो. शहरातून आलेली काही माणसं कॅमेऱ्यात सगळं भरून घेऊन गेली आणि परत फिरकली नाहीत, ही तक्रार मी कॅम्पमध्ये आणि बंगाली वसाहतींतही ऐकली. एकदा जखम उघडायला लावून पाठ फिरवणं हा दुसरा अन्यायच.

४. दुभाषी घरातलाच घडवा

आमच्या कॅम्पमधली माणसं हिंदी बोलतात, बाजारात मराठीही बोलतात. पण दुःख मायबोलीतच बाहेर पडतं. सुरुवातीला आम्ही हिंदीत विचारायचो आणि उत्तरं दोन ओळींची मिळायची. मग नातवंडांना बसवलं. आजीने तिबेटीत सांगायचं, नातीने हिंदीत करायचं, मी लिहायचं.

यातून अशी गोष्ट घडली जिचा आम्ही विचारही केला नव्हता. नात म्हणाली, "हे मला घरात कुणी कधीच सांगितलं नव्हतं." हिवाळ्यात आईवडील स्वेटर विकायला शहराशहरांत जाणार, मुलं वसतिगृहात, मोठी झाली की बंगळुरू, दिल्ली नाहीतर परदेश. घरात चार पिढ्यांची दुःखं असूनही ती सांगायला सवड नव्हती. बयान लिहिण्याच्या निमित्ताने आजी आणि नात समोरासमोर बसल्या. माझ्या मते या कामाची सगळ्यांत मोठी कमाई तीच.

५. दूर गेलेला माणूसही साक्षीदार असतो

देश सोडून गेलेल्यांचा आपल्या देशातल्या न्यायाशी काय संबंध, असं बरेच जण विचारतात. त्यांना मी लायबेरियाचं उदाहरण देतो. पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशात १९८९ ते २००३ यादवी होती. लाखो लोक देशाबाहेर गेले. तिथल्या सत्य आयोगाने ठरवलं की बाहेर गेलेल्यांचंही ऐकायचं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या 'अ‍ॅडव्होकेट्स फॉर ह्यूमन राइट्स' या संस्थेने शेकडो स्वयंसेवक तयार केले. अमेरिका, ब्रिटन आणि घानातल्या बुदुबुराम निर्वासित छावणीत मिळून दीड हजारांहून जास्त बयानं घेतली गेली. २००८ मध्ये मिनेसोटातच आयोगाच्या जाहीर सुनावण्या झाल्या. शिक्षक, वकील, विद्यार्थी अशा साध्या माणसांनी हे उभं केलं. नागरी समाज म्हणतात तो हाच.

दुसरं उदाहरण सीरियाचं. तिथला एक अधिकारी, अन्वर रसलान, जर्मनीत आश्रयाला आला. बर्लिनच्या निर्वासित निवासात त्याला सीरियन वकील अन्वर अल-बुन्नी यांनी पाहिलं. अल-बुन्नी स्वतः सीरियाच्या तुरुंगात राहून आलेले. पुढे जर्मनीतल्या कोब्लेंझच्या कोर्टात त्याच्यावर छळाबद्दल खटला चालला, छळ सोसलेल्या निर्वासितांनी साक्षी दिल्या आणि १३ जानेवारी २०२२ ला रसलानला जन्मठेप झाली. तेव्हा सीरियातली राजवट जागच्या जागी होती. न्याय मायदेशी मिळत नव्हता, तो परक्या मुलखात, परक्या भाषेत मिळाला. मिळाला तो निर्वासितांनी आठवण सोडली नाही म्हणून.

हे मी कॅम्पमध्ये सांगितलं तेव्हा एका आजोबांनी दोनदा विचारलं, "सच में सज़ा हुई?"

६. दार बंद होतं, कागद राहतो

तिबेटची कहाणी मात्र वेगळी आहे आणि ती न लपवता सांगायला हवी. १९५९ मध्येच आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने तिबेटच्या प्रश्नावर चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुरुषोत्तम त्रिकमदास. आपल्या सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील, समाजवादी चळवळीतले. नुकत्याच सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची बयानं समितीने घेतली. १९६० च्या अहवालात समिती म्हणाली की तिबेटींना एक धार्मिक समुदाय म्हणून नष्ट करण्याच्या हेतूने वंशसंहाराची कृत्यं झाली. वंश किंवा राष्ट्र म्हणून तसं झाल्याचा पुरेसा पुरावा मात्र तिला मिळाला नाही, आणि तेही तिने स्पष्ट लिहिलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. जेवढं सिद्ध होतं तेवढंच बोलायचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५९, १९६१ आणि १९६५ असे तीन ठराव केले. पुढे काही झालं नाही.

मग स्पेन. तिथल्या कायद्यानुसार जगात कुठेही झालेल्या वंशसंहाराचा खटला चालू शकत होता. स्पेनचे नागरिक झालेले तिबेटी भिक्खू थुब्तेन वांगचेन आणि तिथल्या तिबेट-समर्थक संस्था कोर्टात गेल्या. २००६ मध्ये तक्रार दाखल करून घेतली गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये चीनचे माजी राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन यांच्यासह काही नेत्यांवर अटक वॉरंट काढण्याचा निर्णय झाला. कॅम्पमध्ये त्या दिवसांत वेगळाच उत्साह होता. पण २०१४ मध्ये स्पेनने कायदाच बदलला आणि प्रकरण बंद झालं.

तेव्हा मी खचलो होतो. माझ्या मित्राने मला सावरलं. म्हणाला, "भाऊ, दार बंद झालं, कागद तर नाही ना फाटला?" पाल्देन ग्यात्सो या भिक्खूंचं उदाहरण त्याने दिलं. ते ३३ वर्षं तुरुंगात होते. १९९२ मध्ये सुटून भारतात आले तेव्हा ज्या हत्यारांनी त्यांचा छळ झाला त्यांतली काही सोबत घेऊन आले. १९९५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगासमोर ते बोलले. २०१८ मध्ये धरमशालेत त्यांचं निधन झालं. त्यांना कोर्टाचा निकाल मिळाला नाही, पण त्यांची साक्ष आज कुणी पुसू शकत नाही.

लायबेरियातही आयोगाचा अहवाल २००९ चा, आणि युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करण्यासाठी कार्यालय काढण्याचा आदेश निघाला तो २०२४ मध्ये. पंधरा वर्षं ते कागद पडून होते, पण ते होते.

७. शेजाऱ्याचंही दुःख ऐका

तिबेटी कॅम्पचं काम चालू असताना आमच्याच गावातला एक जण मला म्हणाला, "त्यांचं लिहून घेता, आमचं कधी?" मला ते लागलं, कारण त्यात खरं होतं.

आमच्या तालुक्यात किती तऱ्हेची उखडलेली माणसं आहेत ते बघा. गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं, त्यात काहींच्या जमिनी गेल्या. नवेगाव बांधला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, जंगलावर जगणाऱ्यांच्या वाटा बदलल्या. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. देशाच्या संसदेने अन्यायाची अशी लेखी कबुली देणं ही लहान गोष्ट नव्हे. आमचा संक्रमणकालीन न्याय तोच, आणि तो अजून अर्ध्या वाटेवर आहे.

मग अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर या बंगाली वसाहती. १९६४ च्या दंगलींनंतर पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निघालेली कुटुंबं, त्यांतली बरीचशी रायपूरजवळच्या माना छावणीतून पुढे पाठवलेली. त्यांना जमीन मिळाली, पण त्यांच्यावर जे गुदरलं त्याची सुनावणी कुठेच झाली नाही. बांगलादेशाने २०१० मध्ये न्यायाधिकरण नेमलं ते १९७१ च्या गुन्ह्यांसाठी. फाळणीसाठी तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांपैकी कुणीच सत्य आयोग नेमला नाही. ती उणीव काही प्रमाणात भरून काढली ती लोकांनीच. अमेरिकेतल्या बर्कलेत सुरू झालेल्या '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' ने स्वयंसेवकांच्या मदतीने दहा हजारांवर आठवणी ध्वनिचित्रमुद्रित केल्या. देशाबाहेर गेलेल्यांच्या मुलानातवंडांचा त्यात मोठा हात आहे.

बंगाली वसाहतीतल्या एका काकूंना मी दंगलीबद्दल विचारलं, तर त्या आधी सातबाऱ्याबद्दल बोलल्या. जमीन वर्ग २ ची, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कर्जाला अडचण. मग मुलाच्या जातीच्या दाखल्याबद्दल. त्या नमशूद्र. ही जात बंगालात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. दंगलीचं त्या तिसऱ्या भेटीत बोलल्या. मी समजलो : आजचा कागद अडलेला असताना कालची जखम दाखवायला माणसाला उसंत नसते.

गोंडाचं, बंगाल्याचं, तिबेट्याचं दुःख एकाच वहीत यायला लागलं तेव्हा "आमचं कधी?" हा सवाल बंद झाला. प्रतापगडावर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरावरच्या दर्ग्यात उरूसही होतो. आमच्या भागाला एकमेकांच्या दारी जायची सवय जुनी आहे. या कामातही तीच कामी आली.

८. निकालाआधीही पुष्कळ काही मिळवता येतं

न्याय म्हणजे फक्त आरोपीला शिक्षा, असं मानलं तर आमच्या आमा-लांच्या हाती काहीच येणार नव्हतं. पण न्यायाला लहान लहान वाटाही आहेत. भारतात तिबेटी माणूस नोंदणी प्रमाणपत्रावर राहतो, त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर या तरुणीच्या प्रकरणात निकाल दिला की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय नागरिक आहे. एका मुलीने अर्ज केला, हजारोंचा मार्ग मोकळा झाला. एका मुलीने अर्ज केला, हजारोंचा मार्ग मोकळा झाला.

सगळेच नागरिकत्वाच्या वाटेने जात नाहीत. कॅम्पमधले काही म्हणतात, "नागरिकत्व घेतलं तर परत जायचा हक्क सोडल्यासारखं वाटतं." दोन्ही बाजूंचा मान राखावा. दरवर्षी १० मार्चला, उठावाच्या दिवशी, कॅम्पमध्ये सभा होते. तिबेटी निर्वासित संसदेच्या निवडणुकीत याच वसाहतीतली माणसं रांगेत उभी राहून मत देतात. ज्यांचा देश हातून गेला त्यांनी मतपेटी सोडली नाही. उद्या परतायची वेळ आलीच तर कारभार कसा करायचा, याची ती तालीम आहे. पुन्हा तसं होऊ नये याची तजवीज यापेक्षा वेगळी काय असते?

हे आठ धडे मला कुठल्या पुस्तकाने दिले नाहीत. छपरीत बसलेल्या, चहा ओतून देणाऱ्या, मणी सरकवणाऱ्या माणसांनी दिले. माझं म्हणणं एकच आहे : न्याय कधी येईल हे आपल्या हातात नाही, तो येईल तेव्हा पुरावा तयार असणं मात्र आपल्या हातात आहे. ते काम देशाबाहेर पडलेल्यांचं आहे तसंच त्यांच्या शेजाऱ्यांचंही.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून विनंती. तुमच्या गावात, गल्लीत, वसाहतीत अशी एक तरी म्हातारी व्यक्ती असेल जी उखडून इथे आली, धरणामुळे, दंगलीमुळे, फाळणीमुळे, युद्धामुळे. रोवणी आटोपली की एक वही घ्या आणि तिच्याजवळ बसा. परवानगी विचारा. ती सांगेल तसंच लिहा, तिला वाचून दाखवा, एक प्रत तिच्याजवळ ठेवा.

ज्यांची बयानं आम्ही पहिल्या वर्षी लिहिली त्यांतली अर्ध्याहून जास्त माणसं आज हयात नाहीत. आमा-लाही गेल्या. त्यांच्या भावाचं नाव मात्र त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या अंगठ्यासह, त्यांच्या नातीच्या पेटीत आहे.